अरासेलीचे शंभर गुण

अकरावी सुरू झाली त्याच आठवड्यात मी अरासेली ओल्गीनला माझ्या खोलीत बोलावून घेतलं. टेक्ससच्या कापूसपट्ट्यातली आमची शाळा, आणि तिथे मी सव्वीस वर्षं समुपदेशक. कोणी कुठले विषय घ्यायचे, कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. अरासेलीला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं. "व्हायचंय" असं ती म्हणत नसे. "मी होणार आहे" म्हणायची.

राज्याचा कायदा असा की, अकरावीच्या शेवटी जो इयत्तेतल्या वरच्या दहा टक्क्यांत असेल, त्याला बहुतेक सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. तिच्या इयत्तेत दोनशे चौदा मुलं, म्हणजे पहिली एकवीस. अरासेली तेव्हा अठरावी होती.

"वेल्डिंग सोड आणि मानसशास्त्र घे, ते अवघड विषयांत धरतात," मी म्हणाले. "नाहीतर जूनपर्यंत एकविसाच्या बाहेर जाशील."

"का? मला वेल्डिंगमध्ये शंभर आहेत."

"म्हणूनच. अवघड विषयात 'अ' आला तर सरासरीत पाच धरतात. वेल्डिंग साधा विषय, त्यात शंभर मिळाले तरी चारच. तो चार तुझी सरासरी खाली ओढतो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मिस, मला शंभरपैकी शंभर मिळाले म्हणून माझा नंबर खाली जाणार, असं म्हणताय?"

"हो."

"हेच एकदा मोठ्यानं म्हणून बघा."

मी म्हणून बघितलं. खरंच, बाहेरच्या बाकावर बसलेला पोरगा फिस्सकन हसला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. एउसेबिओ ओल्गीन कापूस वेचायच्या यंत्रांची दुरुस्ती करतात. हात स्वच्छ धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मुलीला म्हणाले, "पोरी, मिस सांगतायत ते ऐक. वेल्डिंग मी शिकवीन तुला, रविवारी."

"पप्पा, तुम्ही केलेले सांधे मी पाहिलेत."

वडिलांना हसू आवरेना. पण तिचा आवाज लगेच गंभीर झाला. गुरं ट्रकमध्ये चढवायला उंची कमी-जास्त करता येईल असा लोखंडी उतार ती शाळेच्या वर्कशॉपमध्ये बांधत होती. त्यावर किती वजन येईल, कुठला सांधा आधी तुटेल, याचं गणित तिचं तिनं मांडलं होतं. "इंजिनिअर व्हायला हे सोडायचं आणि नंबरासाठी भलतंच काहीतरी घ्यायचं?" ती म्हणाली. "मी नाही सोडणार. आणि माझा प्रवेशही होणार."

एउसेबिओंनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. "आईवर गेलीये."

ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंडळाची सभा होती. तिथे गावातल्या कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. बहुतेक जण फुटबॉलच्या मैदानावर बोलतात. अरासेली फळ्यापाशी गेली.

"सहा अवघड विषय, सगळ्यांत 'अ'. सहा पंचे तीस, भागिले सहा, पाच. बरोबर? आता वेल्डिंग घ्या. शंभर गुण, म्हणजे चार. चौतीस भागिले सात." तिने ४.८६ लिहिलं. "आणि सातवा विषय न घेता त्या तासाला जो घरी जाऊन झोपतो, त्याचे पाच ते पाचच. तो माझ्या पुढे."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मंडळाचे अध्यक्ष डेल्बर्ट वीड, गावातल्या कापसाच्या जिनिंगचे मालक, चष्मा काढून म्हणाले, "हे स्वतःसाठी मागतेयस का?"

"नाही, सर. माझ्यासाठी नियम आहे तोच राहू द्या. येणाऱ्या नववीपासून बदला. नाहीतर लोक म्हणतील, पोरीनं स्वतःचा नंबर वाढवून घेतला."

"मुळात हा नियम केला कुणी?" वीड यांनी विचारलं.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. अकरा वर्षांपूर्वी समिती नेमली होती. मुलांनी सोपे विषय घेऊन वरचा नंबर मारू नये म्हणून. ती कलमं माझ्या हातची होती. गप्प बसले असते तर कुणाला आठवलंही नसतं. मी उभी राहिले.

"मी केला. हेतू चांगला होता. पण हे गणित मी कधी मांडून पाहिलं नाही. तिनं मांडलं."

अरासेलीने मागे वळून पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं. नंतर गाडीपाशी ती एवढंच म्हणाली, "मिस, तुमच्यात दम आहे." सव्वीस वर्षांत मला कुणी दिलेली ही सगळ्यात मोठी श्रेणी.

डिसेंबरमध्ये मंडळाने ठराव केला. पुढच्या नववीपासून वेल्डिंग, बँड, चित्रकला असे विषय सरासरीत धरायचे नाहीत.

जूनमध्ये यादी लागली. अरासेली बावीस नंबरला होती.

एका नंबरने हुकलं. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने माझ्या टेबलावरच्या डब्यातला कोलाच, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, उचलला, अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "थेट नाही ना? मग अर्ज वाचून घेतील. वाचू दे की. वाचण्यासारखं आहे."

त्या उन्हाळ्यात तिने गुरांचा उतार पुरा केला. एका शेतकऱ्यानं तो नेला आणि पहिल्याच दिवशी चाळीस बैल त्यावरून चढवले. अर्जात तिने तेच लिहिलं: कुठला सांधा दोनदा फुटला, का फुटला आणि तिसऱ्यांदा काय बदललं. रडगाणं एका ओळीचंही नाही. शिफारसपत्र माझं होतं. मी शेकडो पत्रं लिहिलीत, सगळीकडे "मेहनती" आणि "गुणी". या पत्रात मी फक्त हिशेब दिला: साधे विषय वगळले तर ही मुलगी इयत्तेत नवव्या नंबरला येते, आणि ते न वगळणारा नियम माझा होता.

जानेवारीत विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. "तुमच्या पत्रात छपाईची चूक तर नाही ना? पूर्ण गुण मिळाल्यामुळे नंबर खाली गेला, असं लिहिलंय."

"चूक होती," मी म्हणाले, "पण छपाईची नाही."

त्या हसल्या. मग त्यांनी उताराबद्दल इतके प्रश्न विचारले की, शेवटी मी फोन घेऊन वर्कशॉपमध्ये गेले आणि अरासेलीच्या हातात दिला. तिने वेल्डिंगच्या मुखवट्याची काच वर केली आणि उभ्याउभ्याच वीस मिनिटं बोलली. कुठेही अडखळली नाही.

फेब्रुवारीत उत्तर आलं: मेकॅनिकल इंजिनिअरिंग, प्रवेश मंजूर. ती मला सांगायला आली तेव्हा शांत होती. गाडीचा नंबर सांगावा तसं तिने सांगितलं. आरडाओरडा मीच केला.

संध्याकाळी एउसेबिओंचा फोन आला. आपल्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून बोलत असावेत, मागे कसलंतरी यंत्र धडधडत होतं.

"मिस, ऑगस्टमध्ये तिला सोडायला जायचंय. मोठा ट्रक आणला तर तिथे उभा करू देतात का? तिला आपली वेल्डिंगची सगळी अवजारं न्यायचीयत, आणि ती ऐकणार नाही, तुम्हाला माहितीच आहे."