बेण्याचं उदाहरण

"मॅडम, तुमी बी हाय व्हय?" असं म्हणत अंगद बाकावरून उठला आणि थेट माझ्या पायाशी वाकला.

मी घाईघाईने पाय मागे घेतले. "अरे उठ, सगळे बघतायत."

"बघू द्या की मग."

बघणारे आठजण होते. आम्ही दोघं धरून दहा, आणि जागा एक. शिक्षण संस्थेच्या नगरच्या ऑफिसात, मे महिन्याच्या उन्हात, देवळाली प्रवऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजातल्या गणिताच्या जागेची मुलाखत होती. त्याच कॉलेजात मी चौदा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की घरी बसा. चौदा वर्षं ती जागा कागदावर रिकामी होती आणि फळ्यापुढे मी उभी होते. आता ती कायमची भरायची ठरली, तेव्हा मला त्रेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. आमच्या प्रवर्गाला वयाची मर्यादा तेवढीच. ही गेली की पुढे अर्जच करता येणार नव्हता.

आणि समोर कोण, तर अंगद. बारा वर्षांपूर्वी अकरावीत माझ्यापुढे शेवटच्या बाकावर बसणारा. आता एमएस्सी, बीएड, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. खोटं कशाला सांगू, त्याला बघून आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या गुणांचा हिशेबही मनात सुरू झाला.

"घरचे कसे आहेत रे?" मी विचारलं.

"बरं हाय समदं. आई म्हनली, तुज्या मॅडमचं नाव घेऊन जा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला न्हवतं ठाऊक मॅडम. तुमी असताल असं. वाटलं, तुमी कवाच्या पर्मनंट झाल्या असताल. आईशप्पत."

"ठाऊक असतं तर काय केलं असतंस? घरी बसला असतास?"

तो शर्टाची कॉलर नीट करायला लागला. मला त्याचं उत्तर नको होतं.

तेवढ्यात छगनमामा, तिथले शिपाई, चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले. सगळ्यांना एकच विषय दिला होता. अकरावी, लॉगॅरिदमची ओळख, दहा मिनिटांचा पाठ. समितीलाच विद्यार्थी समजून शिकवायचं. चिठ्ठी वाचली आणि मी मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. या धड्याला मी झोपेतही उभी राहिले असते. यादीत अंगद तिसरा होता, मी चौथी.

हा धडा माझा ठेवणीतला. बाकीच्या मास्तरांसारखं मी फळ्यावर आधी व्याख्या लिहीत नाही. व्याख्या लिहिली की अर्धा वर्ग तिथेच झोपतो. मी उसाच्या बेण्यापासून, म्हणजे लागणीच्या उसाच्या कांड्यांपासून, सुरू करते. आमच्या भागात पोराला पाढे नंतर येतात, बेणं आधी कळतं. एक गुंठा बेणेमळा लावला की पुढच्या हंगामात त्याचं बेणं दहा गुंठ्यांना पुरतं. त्या दहाचं शंभराला, शंभराचं हजाराला. हजार गुंठे म्हणजे पंचवीस एकर. इथवर सगळ्यांना येतं, हा झाला घातांक. मग मी उलटं विचारते. एका गुंठ्यापासून सुरुवात केलेल्याचा आज हजार गुंठे ऊस उभा आहे, तर मधे हंगाम किती गेले? पोरं ओरडतात, तीन! झालं, मी म्हणते, हाच हजाराचा लॉग. क्षेत्र दिसतंय, हंगाम शोधायचे, एवढंच ते. एका गुंठ्याचा लॉग किती? अजून एकही हंगाम गेला नाही, म्हणून शून्य. बारा वर्षं हा धडा कधी फसला नाही. शेजारच्या कॉलेजचे सर एकदा मुद्दाम ऐकायला येऊन बसले होते.

अंगदचं नाव पुकारलं. तो आत गेला. दार लोटलेलं होतं, पण खिडकी उघडी होती आणि बाक नेमका खिडकीखाली. आत गेल्यावर त्याची बोली एकदम पुस्तकी झाली, ते ऐकून मला हसू आलं.

"विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी ऊस आहे?" त्याने विचारलं. "समजा, एक गुंठा बेणेमळा लावला..."

माझं हसू तिथेच विरलं.

त्याने सगळं घेतलं. दहा गुंठे, शंभर गुंठे, हजार गुंठे. "क्षेत्र दिसतंय, हंगाम शोधायचे," हे वाक्यसुद्धा जसंच्या तसं. मधे श्वास कुठे घ्यायचा तेही माझंच. आत कुणीतरी "वा" म्हणालं. मी हातातल्या चिठ्ठीची घडी करत गेले, आणखी घडी करायला जागा उरली नाही तोवर. त्याच्यानंतर लगेच मी तोच धडा घेऊन उभी राहणार होते. कॉपी केल्यासारखी.

तो घाम पुसत बाहेर आला. चेहरा फुललेला होता. "मॅडम, तुमचाच धडा घेतला बघा. दुसरं काय सुचलंच न्हाई. तुमीच शिकवल्यालं, फसनार कसं?"

"छान झाला," मी म्हणाले. छान झालाच होता.

पण त्याने 'तुमचाच धडा' म्हटलं आणि मला तो दिवस आठवला. माझं कॉलेजातलं दुसरंच वर्ष होतं. जुलैचे दिवस, उसाची अडसाली लागण चालू होती, पोरं शेतात, वर्ग निम्मा रिकामा. मी तीन दिवस लॉगची व्याख्या घासत होते आणि समोर सगळे मख्ख. मी मणियारांची मुलगी, श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात वाढलेली. आमच्या दुकानात बांगड्या, शेत आम्ही रस्त्यावरून बघितलेलं. तेव्हा चार दिवस गैरहजर राहिलेला एक काळासावळा मुलगा, नखांत माती तशीच, शेवटच्या बाकावरून म्हणाला होता, "मॅडम, हे आमच्या बेण्यावानी हाय का? एकाचं धा, धाचं शंबर. तुमी मळा दावून हंगाम इचारताय." सगळा वर्ग हसला होता. मी नाही हसले. मी त्याला उभा केला, त्याच्याकडून सगळं नीट समजून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच फळ्यावर मांडलं. पुढे दरवर्षी मांडत राहिले. कधी सुरुवातीला म्हणत असे, "एका विद्यार्थ्याने मला सांगितलेलं आहे." मग तेही म्हणायचं राहून गेलं.

हे अंगदला आठवत नव्हतं. अगदीच नव्हतं. मी बारकाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मेहरीन मणियार," छगनमामांनी हाक मारली.

आत तिघं होते. मधे विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलेले माधवराव, निवृत्त प्राध्यापक, कपाळावर गंध, पुढ्यात गुणांचा तक्ता. दुसरं काही उदाहरण आठवतंय का म्हणून मी दारापासून फळ्यापर्यंतच्या सात पावलांत शोधलं. बँकेचं व्याज, भूकंप, आवाजाची तीव्रता, सगळं पुस्तकातलं. हात मात्र सवयीने फळ्यावर गेला आणि लिहून बसला, एक गुंठा.

माधवराव हसले. "आज उसाचा गाळप हंगाम दिसतोय. आधीच्या उमेदवाराचंही हेच होतं. तुमच्याच कॉलेजचा विद्यार्थी ना तो?"

"हो सर."

"म्हणजे तुम्हीच शिकवलेलं असणार."

काम झाल्यातच होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. ते खोटंही नव्हतं, शिकवलं मीच होतं त्याला. तिघंही माझ्याकडे कौतुकाने बघत होते. चौदा वर्षांत कुणी असं बघितलं नव्हतं. पण बाहेर तो पोरगा बाकावर बसलेला, आणि खिडकी उघडी.

नाही, खिडकीमुळे नाही. खिडकी बंद असती तरी मला ते बोलता आलं नसतं.

"शिकवलं मी, सर. पण उदाहरण त्याचं आहे," मी म्हणाले. "अकरावीत असताना त्यानेच मला सांगितलं होतं. त्याला आता आठवत नाही."

माधवरावांनी चष्मा काढला. "म्हणजे हे उदाहरण तुमचं नाही."

"नाही सर."

त्यांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "बरं, पुढे चला."

पुढे काय चालणार? पुढचं सगळं त्यांनी नुकतंच ऐकलेलं. मग मी मागे चालले. म्हटलं, एका गुंठ्याच्या आधी काय होतं? मागच्या हंगामात दशांश गुंठा. त्याचा लॉग वजा एक. त्याच्या मागे शंभरावा भाग, वजा दोन. आणखी मागे जा, हजार हंगाम मागे जा. जमीन कमी कमी होत जाईल, वाफा होईल, मूठभर होईल, पण शून्य गुंठे कधी होते? शून्यापासून मळा होतच नाही. कुणीतरी कुठेतरी पहिली टिपरी, बेण्याचं पहिलं कांडं, लावलेलीच असते. म्हणून शून्याचा लॉग विचारला तर शून्य लिहू नका, त्याला उत्तरच नाही असं लिहा. शून्य उत्तर येणं वेगळं आणि उत्तरच नसणं वेगळं. हे मी त्या दिवसाआधी कुठल्याच वर्गाला असं शिकवलं नव्हतं. उभ्या उभ्या सुचलं. माधवराव पुढे वाकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे चांगलं होतं." पण तक्त्यावर त्यांचं लिहून झालेलं होतं, ते त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

जूनमध्ये यादी लागली. अंगद पहिला, मी दुसरी, मधे दोन गुणांचं अंतर.

घरी सासूबाई, मुबारकबी, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. गॅस आहे, पण भाकरी चुलीचीच पाहिजे त्यांना. मी दारातच सगळं सांगून टाकलं, उदाहरणाचंसुद्धा. सांगताना रडले. वयाला शोभेल असं नाही, लहान पोरीसारखी नाक ओढत रडले. "गप्प बसले असते तर मिळाली असती, अम्मी. नुसती मान हलवायची होती."

त्यांनी भाकरी उलटली. "सच बोलली नं तू?"

"हो."

"मग रड पोटभर. पन जेवून घे आधी, भाकर गार व्हतीया."

माझा राग गेला नाही. कुणावर होता तेही नीट कळत नव्हतं. अंगदवर नव्हता, माधवरावांवरही नव्हता. त्या दोन गुणांवर होता बहुतेक, आणि स्वतःच्या जिभेवर.

जुलैत कॉलेज सुरू झालं. नवे सर हजर होईपर्यंत तास घ्या, असा प्राचार्यांचा फोन आला आणि मी गेले. आपण नाही म्हणायला शिकलोच नाही. मधे माझा वाढदिवस येऊन गेला. अंगद एका मंगळवारी हजर झाला. पेढ्याचा पुडा आणि नेमणुकीचं पत्र दोन्ही हातात. मी अकरावीच्या वर्गाबाहेर उभी होते. कपाटाची किल्ली, हजेरी, खडूचा डबा, लॉग टेबलांचा गठ्ठा, सगळं काढून ठेवलेलं.

त्याने पेढा पुढे केला नाही. पुडा मागेच धरून उभा राहिला. "मॅडम, माधवराव सरांनी मला सांगितलं. तुमी आत काय म्हनला ते. तवा मी नळावर पानी प्यायला गेल्तो."

"बरं मग?"

"ते माजं कसं वं? मला काय बी आठवत न्हाई. लई आठवून बघितलं. आईला इचारलं. मला तर तुमीच फळ्यावर लिवताना दिसताय."

"तू शेवटच्या बाकावर होतास. नखांत माती होती."

"माती रोजच असायची, मॅडम." त्याचे डोळे भरून आले. "तुमी उगंच बोलला. कुनाला कळलं असतं?"

मी काय सांगणार होते त्याला? जगात ही गोष्ट ठाऊक असणारी मी एकटीच. ज्याची होती, तो ती घ्यायलाच तयार नव्हता. जे परत द्यायला मी जागा घालवली, ते हरवल्याचं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"पेढा दे," मी म्हणाले. त्याने दिला. मी खाल्ला. गोड होता, मलईचा.

"आजच्या दिस वर्गात बसा, मॅडम. पहिला तास हाय. काय धरायचं?"

"लॉगच काढलाय मी काल. व्याख्या सांगितलेली नाही अजून."

घरी जायची श्रीरामपूरची गाडी यायला अर्धा तास होता. मी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. चौदा वर्षांत त्या बाकावर कधी बसले नव्हते. तिथून फळा फार लहान दिसतो. शेजारी कैनात होती, अकरावीत नुकतीच आलेली, काल मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. अंगदने फळ्याकडे वळून लिहिलं, एक गुंठा. मग मागे माझ्याकडे बघितलं, आणि वर्गाला म्हणाला, "हे उदाहरण मला माझ्या मॅडमनी दिलंय."

मी मान खाली घातली. पुढे शंभर झाले, हजार झाले. पोरं ओरडली, तीन! एका गुंठ्याचा लॉग शून्य, हेही झालं.

कैनात माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मग शून्याचा लॉग किती?"

उत्तर ओठावर आलं होतं. तिच्या वहीवर लिहून द्यायला पेनसुद्धा उचललं होतं मी. मग टोपण लावून ते पर्समध्ये ठेवलं.

"हात वर कर," मी तिला म्हणाले. "सरांना विचार."