गाशानझेबाचं पाणी

"वाच," आई म्हणाली. "काय खरडलंस ते वाचून दाखव."

तिचे हात कोपरापर्यंत सातूच्या कणकेत होते. दारू आंबवायला लागणाऱ्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी भाजायच्या होत्या, आणि मास्तर घरी आले म्हणून हातातलं काम टाकणाऱ्यातली ती नव्हती. सकाळपासून ती कणीक मळत गात होती. मी लव्हाळ्याच्या चटईवर बसून मातीच्या ओल्या पाटीवर बोरू टोचत होते. पाटीशाळेचे मास्तर लूनन्ना अंगणातल्या खजुराच्या सावलीत बसून तिसरा पेला भरून घेत होते.

आई रडायला जायची. निप्पूरमध्ये कुणी वारलं की लोक तिला बोलावून नेत आणि ती त्यांच्या मेलेल्या माणसासाठी गात रडे. त्यातलं एक गाणं फार जुनं होतं, देवीचं शहर बुडालं तेव्हाचं. देवळातल्या गवयांना त्याचे तुकडे येत. अख्खं गाणं फक्त आईला येत होतं. मास्तरांना ते शाळेतल्या मुलांच्या सरावासाठी हवं होतं. मी त्यांचीच विद्यार्थिनी. आता पश्चिम वेशीपाशी बसून लोकांची पत्रं लिहिते. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी शेवटच्या ओळी वाचल्या. "'निन वेशीबाहेर बसली, उन्हात बसली. निनदुगा तिच्यासाठी रडली.'"

आईचे हात थांबले.

"ही कोण?"

"कोण?"

"ही निनदुगा. माझ्या अंगणात बसून माझं गाणं म्हणणारी ही बाई कोण?"

मास्तर हसले. "अहो बाई, तुम्हीच की. रडणारीनं शेवटी स्वतःचं नाव घ्यायचं असतं ना? ते घेतलंय. भली मालकीण. अर्थ तोच."

"माझं नाव गाशानझेबा आहे."

"तेच शुद्ध केलं की निनदुगा होतं."

"शुद्ध?" आईनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "मी काय अंगाला चिखल लावून बसलेय?"

इथं थोडं सांगायला हवं. सुमेरी आता कुणाच्या घरात बोलत नाहीत. भांडणं अक्कदीत होतात, लग्नं अक्कदीत ठरतात, पोरं अक्कदीत हट्ट करतात. सुमेरी उरली आहे ती पाटीशाळेत, आणि तिथंही छडीच्या धाकानं. पण आईच्या तोंडात दुसरीच एक सुमेरी होती. तिची आजी लगशकडून आली होती, शेतात मीठ फुटलं तेव्हा सगळं गाव उठून वर आलं त्या लोकांबरोबर. येताना तिनं आपली बोली आणली. बायकांची बोली, बारीक बोली म्हणतात तिला. शाळेत मालकिणीला निन म्हणतात, बारीक बोलीत गाशान. शाळेत भल्याला दुग म्हणतात, बारीक बोलीत झेब. आजीनं आईचं नाव आपल्या बोलीत ठेवलं होतं. बारशाला आलेल्या कारकुनानं मात्र ते लिहिताना निनदुगा लिहिलं, आणि पुढं घराच्या, लग्नाच्या, सगळ्या पाट्यांवर तेच चढत गेलं.

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "हे बघा, देवी स्वतः बोलते त्या ओळी आम्ही बारीक बोलीतच ठेवल्यात. तसा नियम आहे. पण बाकीचं निवेदन आहे. ते शुद्धच पाहिजे."

"देवी बोलायची थांबते तेव्हा कोण गातं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण गातं? तू गातोस, वारादू?"

मास्तर गोरेमोरे झाले. लूनन्ना हे त्यांचं शाळेतलं नाव. त्यांची आई आमच्या शेजारच्या गल्लीत मासे खारवायची, आणि तिनं त्यांचं नाव वारादू ठेवलं होतं. हे निप्पूरमध्ये आता दोघा-चौघांनाच माहीत असेल. आई त्यातली एक.

"प्रश्न जागेचाही आहे," ते म्हणाले. "निन एका चिन्हात होतं. गा, शा, आन, तीन चिन्हं लागतात. दर ओळीला तीन चिन्हं लावली तर गाणं एका पाटीवर बसायचं नाही."

"मग पाटी मोठी घे. माती काय तुझ्या बापाच्या घरून येते?"

मला हसू आलं. ते मी दाबलं. आईनं ते पाहिलं आणि माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम उतरला.

"आणि तुला कळलं नाही होय गं, एल्मे? तुला?"

मी बोरूचं टोक पुसत राहिले.

मी आठ वर्षांची असताना शाळेत एकदा मला मालकिणीसाठी शब्द विचारला होता. मी गाशान म्हणाले. वर्ग हसला. हे बोलणं कुठून शिकलीस म्हणून विचारलं, मी आईकडून म्हणाले, तेव्हा वर्ग आणखी हसला आणि तळहातावर छड्या बसल्या. घरी येऊन मी आईला सांगितलं, "तू माझ्याशी तसलं बोलत जाऊ नकोस. मला मार बसतो." आईनं माझ्या हाताला तिळाचं तेल लावलं. त्या दिवसानंतर तिनं माझ्याशी कधी बारीक बोलीतला एक शब्द काढला नाही. अक्कदी बोलायची, परक्या माणसाशी बोलावं तशी सांभाळून. गाणी मात्र चालू राहिली. मी दाराशी आले की तीही थांबत. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

आई उठली. माझ्यासमोर येऊन वाकली, आणि पिठानं माखलेला अंगठा तिनं ओल्या पाटीवर टेकवून दाबला. शेवटच्या ओळीवर, बरोबर नावावर. वाचता येत नव्हतं तिला. पण नाव कुठं आहे हे तिनं माझ्या बोटावरून ताडलं होतं.

"अहो!" मास्तर उठून उभे राहिले. "सकाळपासूनचं काम आहे!"

"माझंही सकाळपासूनचंच आहे," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या नावावर द्यायला मी गायले नाही."

मास्तर उरलेली दारू पिऊन मगच गेले. त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

ते गेल्यावर आई परत कणकेशी बसली. मला नव्हे, परातीला सांगावं तसं म्हणाली, "मेल्यावर मला पाणी घालाल तेव्हा निनदुगा म्हणून हाक मारू नका. ती कोण बाई येईल आणि माझं पाणी पिऊन जाईल. मी आपली बसेन तशीच, कोरड्या घशानं."

"काहीतरीच बोलू नकोस, आई."

"मग लिहू नकोस काहीतरीच."

संध्याकाळी आम्ही कांदा आणि खारवलेला मासा खाल्ला. मासा फार खारट आहे म्हणून तिनं विकणाऱ्याला शिव्या घातल्या. खारवावं तर वारादूच्या आईनं, म्हणाली. चुलाण्यासाठी वाळलेल्या झावळ्या आणायला मला बजावलं. मी हो म्हणाले. पाटी कोनाड्यात ठेवली. ती सुकायच्या आत, उद्या, शांतपणे बघू असं मी मनाशी ठरवलं होतं. काय बघणार होते ते तेव्हाही ठरलं नव्हतं.

सकाळी झावळ्या टाकून मी वेशीकडे गेले. दुपारी परत आले तेव्हा भाकऱ्या भिंतीशी ओळीनं उभ्या करून ठेवल्या होत्या, अकरा, आणि बारावी आईच्या मांडीवर होती, न भाजलेली. ती भिंतीला टेकून बसली होती. चुलाण्याची धग अजून होती. मला वाटलं, डोळा लागला.

आम्ही तिला पूर्वेच्या खोलीत, बाबांशेजारी, जमिनीखाली ठेवलं. चटईत गुंडाळून, तांब्याची टाचणी खांद्याशी लावून, हाताशी वाडगा. वर फरशी बसवताना पाण्यासाठी भाजक्या मातीची नळी उभी ठेवली. गल्लीतल्या बायका आल्या. भिंतीकडेनं बसल्या, पदर डोक्यावर घेऊन, आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी परिटीण हलक्या आवाजात म्हणाली, "आता रडायला कुणाला बोलवायचं?"

गल्लीत कुणीही गेलं की बोलवायची ती हीच होती. बायका गप्प बसून होत्या आणि उन्हं उतरल्यावर गप्पच उठून गेल्या. मला तेव्हा गाणं अख्खं आठवत होतं. कालच तर लिहिलं होतं. तोंड उघडलं नाही मी.

चौथ्या दिवशी मास्तर आले. चांगलं बोलले. आईच्या हातची दारू निप्पूरमध्ये पुन्हा मिळायची नाही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग कोनाड्याकडे पाहिलं.

"सुकली का?"

"सुकली."

"मग आता त्या डागाचं काही करता येणार नाही. ती पाटी हौदात टाक. भिजली की मळून घे आणि त्याच मातीची नवी कर. शेवटची ओळ नीट लिही. चंद्र नसेल त्या दिवशी मी महिन्याचं पाणी घालायला येईनच, तेव्हा घेऊन जाईन."

"बरं, मास्तर," मी म्हणाले.

आयुष्यभर हेच म्हणत आले होते. शाळेत जुन्या पाट्या अशाच हौदात जातात. मी स्वतः हजारो टाकल्या असतील. माझं पहिलं अक्षर, पहिलं पत्र, सगळं त्या हौदात विरघळून दुसऱ्या कुणाची पाटी झालेलं आहे. त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. ही पाटी घेऊन मी दोनदा हौदापाशी गेले. अंगठ्याच्या ठशातल्या रेषांमध्ये पीठ वाळलं होतं. अजून पांढरं होतं. दोन्ही वेळा पाटी घेऊन परत आले.

चंद्र नसलेल्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही पूर्वेच्या खोलीत जमलो. माझा थोरला भाऊ इप्कू नावाड्या आहे, वर्षातले दहा महिने नदीवर असतो. तो बंधाऱ्याकडून आदल्या दिवशीच आला होता. हाक मारायचा मान थोरल्या मुलाचा. मास्तर दाराशी उभे होते. परिटीण होती. मी पाटी फडक्यात गुंडाळून नळीजवळ ठेवली होती. मास्तरांनी ती पाहिली आणि समाधानानं मान हलवली. त्यांना ती नवी वाटली असावी.

इप्कूनं तांब्या उचलला. आधी बाबांचं नाव घेऊन ओतलं. मग घसा साफ केला. आईच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला तो कधी घरी नव्हताच. घराच्या पाटीवर जे होतं तेच त्याला माहीत होतं.

"निनदुगा, इप्कूची आई, ये. पाणी पी."

पाणी नळीत गेलं. थोडं खळखळलं आणि आवाज थांबला.

मी त्याचं मनगट धरलं.

"काय गं? सांडलं का?"

"ते तिला गेलं नाही."

"अगं, आत्ता तर ओतलं. तुझ्यासमोर."

"दुसरीला गेलं. परत ओत."

इप्कूनं गोंधळून मास्तरांकडे पाहिलं. शिकलेलं माणूस खोलीत असलं की सगळे तसेच बघतात. मास्तर पुढं आले. "पोरी, दुःखात माणसाला असं होतं. नाव बरोबर आहे. अशा वेळी शुद्ध नावच घ्यायचं असतं. तू माझ्याकडे शिकलीस, तुला माहीत आहे."

मी फडकं सोडलं. पाटी त्यांच्यासमोर धरली, ठसा वर करून. त्यांनी ती घ्यायला हात पुढं केला, पण मी सोडली नाही.

"ही हौदात जाणार नाही, मास्तर. नवी मी करीन. मोठी करीन. दर ओळीला तीन चिन्हं लावीन. तुम्हाला शाळेसाठी नको असली तर माझ्याकडे राहील."

"शाळेत ती चालणार नाही, एल्मे. मुलं हसतील."

"हसू देत. तुमच्या आईला महिन्याचं पाणी घालता ना? तेव्हा हाक मारणारा कोण आहे म्हणून सांगता? लूनन्ना?"

मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि दाराच्या चौकटीला धरला. परिटीण डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती. मी इप्कूच्या हातातून तांब्या घेतला. त्यानं दिला.

गुडघे टेकून मी नळीवर वाकले. खालून थंड, मातकट वास आला. शब्द तोंडाशी आला आणि तळहात आपोआप मिटला, आठ वर्षांच्या पोरीचा मिटावा तसा. मी तो उघडून जमिनीवर टेकवला.

"गाशानझेबा," मी म्हणाले.

आवाज नीट निघाला नाही. पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, दाराबाहेर गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"गाशानझेबा, एल्मेची आई, ये. पाणी पी. मला कळलं होतं, आई. लिहितानाच कळलं होतं."