टाकीचं डोकं

सातवी ब या वर्गाने एका वर्षात गणिताचे तीन शिक्षक पळवून लावले होते. चौथ्या आल्या त्या बाई. अंगाने काडी, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंही उठून उभी राहायची. नेमणूक तात्पुरती. मुख्याध्यापकांनी, म्हणजे हेडसरांनी, पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं की दोन आठवड्यांनी गुरुवारी तपासणीचे साहेब येतील, मागच्या बाकावर बसून घनफळाचा पाठ बघतील, आणि मग तुम्हाला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरेल. बाईंची ही चौथी तात्पुरती नोकरी होती. सकाळी निघताना आई रोज म्हणायची, "या शाळेत तरी टिक गं बाई." दुपारपर्यंत ते वाक्य कानात घोंघावत असायचं.

तर घनफळ. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, हे सातवी ब झोपेतसुद्धा म्हणून दाखवत होती, आणि बहुतेक झोपेतच म्हणत होती. अर्थाशी कोणाचं देणंघेणं नव्हतं. बाईंनी खडूचं खोकं उचललं आणि विचारलं, याचं घनफळ कसं काढाल? पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिला सगळे कात्री म्हणत. एक तर तिची आई शिवणकाम करायची, आणि दुसरं म्हणजे पोरीची जीभ. कात्री म्हणाली, खोकं भरलेलं आहे की रिकामं ते आधी सांगा. वर्ग खिदळला. बाईंना वाटलं, कार्टी थट्टा करतेय. त्यांनी तिला तासभर उभं ठेवलं. पोरीला खरोखरच शंका होती, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तर फळ्यावर प्रदर्शन मांडलेलं. पहिलं चित्र, एक जाडजूड वृत्तचिती, डोक्यावर अर्धगोल, त्याला मिशा, मधोमध पट्टा. खाली लिहिलेलं, 'टाकी'. हे हेडसर, सांगायला नकोच. दुसरं चित्र शंकूचं, ग्रंथालय सांभाळणाऱ्या सरांचं, वर निमुळतं आणि खाली ऐसपैस. तिसऱ्या चित्रात नुसता उभा आयत, त्याला चष्मा आणि अंबाडा. खाली 'पुठ्ठा'.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं, तरी अंबाडा ओळखता येत होता.

कात्रीच उठली. "बाई, तुम्हाला लांबी आहे, रुंदी आहे. जाडीच नाही. तिन्हींचा गुणाकार केला की शून्य येतं."

बाईंना ते लागलं. तीन शाळा फिरून आलेल्या माणसाला कोणी शून्य म्हटलं की लागतंच. छडी असती तर त्यांनी ती त्याच क्षणी उचलली असती. पण राग डोक्यात चढत असतानाच आतला गणिताचा किडा वळवळला. अरे, बरोबर आहे की! आठवडाभर घसा फोडून जे या मठ्ठ टाळक्यांत शिरलं नव्हतं, ते माझ्या अंबाड्याने शिरलं. एक बाजू शून्य असेल तर घनफळ शून्य, हे पुस्तकातही इतकं नीट लिहिलेलं नाही.

त्यांनी दार लोटून घेतलं. "ठीक आहे. पुठ्ठ्याचं झालं. आता टाकीचं घनफळ काढा."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. जी पोरं वहीचं पान उलटायला कुरकुरत होती, ती आता मापांसाठी भांडायला लागली. घेराचा प्रश्न कात्रीने चुटकीसरशी सोडवला. हेडसरांच्या पँटी तिची आई शिवायची, कंबर बावन्न इंच, म्हणजे झाले एकशे बत्तीस सेंटिमीटर. उंचीसाठी थांबावं लागलं. दुपारी हेडसर दारात उभे राहून वर्गाला झापत होते, तेव्हा दाराजवळच्या पोराने त्यांच्या पाठीमागे चौकटीवर खांद्याच्या पातळीला हळूच खडूची रेघ ओढली. कात्रीने घरून आणलेल्या शिवणाच्या टेपने ती मोजली, एकशे चाळीस. घेरावरून त्रिज्या एकवीस, त्रिज्येचा वर्ग, गुणिले बावीस सप्तमांश, गुणिले उंची. उत्तर सगळ्या वर्गाचं एकच आलं. एक लाख चौऱ्याण्णव हजार चाळीस घन सेंटिमीटर.

डोकं धरायचं का, असं कोणीतरी विचारलं. नको, नको, ते पोकळ आहे, असा एकमुखी ठराव झाला. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दुरुस्त काही केलं नाही. वर्ष-दीड वर्षात एखाद्या वर्गासोबत त्या असं हसल्या नव्हत्या, आणि त्या हसण्यात घनफळाची व्याख्या मधे आणायचं त्यांच्या जिवावर आलं.

गुरुवारी साहेब आले. शेजारी हेडसर, इस्त्रीच्या पँटमध्ये, टकलावर तेल चोपडलेले. दोघं मागच्या बाकावर बसले, म्हणजे साहेब बसले आणि उरलेल्या जागेत हेडसर मावले. बाईंनी शहाण्यासारखं खडूचं खोकं काढलं. साहेबांनी जांभई दिली. पाठ केलेलं नको, म्हणाले, मुलांनाच त्यांच्या मनाने एखादं उदाहरण घेऊ द्या.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं, कारण कात्री तोवर फळ्यापाशी पोहोचली होती. तिने वृत्तचिती काढली, वर अर्धगोल काढला. देवाच्या कृपेने मिशा काढल्या नाहीत. "एका टाकीचा घेर एकशे बत्तीस, उंची एकशे चाळीस," ती म्हणाली, आणि खडाखड गणित सोडवलं. एकही पायरी चुकली नाही. साहेब जागे झाले, ताठ बसले, वा वा म्हणाले. सातवी ब ओठ चावून बसली होती. हेडसर मात्र एकशे बत्तीस ऐकल्यापासून फळ्याकडे एकटक बघत होते, आणि त्यांचा हात नकळत पट्ट्यावर गेला होता.

"पण बाळ, वरचा घुमट राहिला की," साहेब म्हणाले. "तो का नाही मोजलास?"

"तो पोकळ आहे, सर," कात्री म्हणाली. "आत काहीच नाही."

मग वर्ग फुटला. बाकं बडवून पोरं हसली. साहेब बिचारे कोऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत राहिले. बाईंनी डोळे मिटले. गेली नोकरी, आता आईला काय सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

डोळे उघडले तेव्हा हेडसर फळ्यापाशी होते. त्यांनी कात्रीपुढे हात केला. तिने मुकाट्याने खडू दिला.

"पोकळ असो की भरीव," हेडसर म्हणाले, "ते जागा व्यापतं ना? व्यापलेली जागा म्हणजे घनफळ. आत किती मावतं ती धारकता. खोकं रिकामं असलं म्हणून त्याचं घनफळ कमी होत नाही."

कात्रीचं तोंड उघडंच राहिलं. आठवड्यापूर्वीच्या तिच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं, आणि त्या प्रश्नासाठी ती तासभर उभी राहिली होती. बाईंना ते आठवलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेडसरांनी अर्धगोलाचं घनफळ काढलं. एकोणीस हजार चारशे चार. "धडाचा बरोबर दहावा हिस्सा," ते वर्गाला म्हणाले. "फार नाही. पण आहे." ते मिळवून त्यांनी खाली बेरीज लिहिली, हातावरचा खडू झटकला आणि साहेबांना चहाला घेऊन निघाले. साहेब जाता जाता म्हणाले की असा रंगलेला गणिताचा तास त्यांनी कधी पाहिला नव्हता.

बाई मागोमाग धावल्या. साहेब पुढे गेले होते. हेडसर जिन्याच्या कठड्याला हात टेकून थांबले.

"सर, चूक माझी आहे. मुलांना काही बोलू नका."

"तुमची शिफारस मी सकाळीच सही करून साहेबांकडे दिली," हेडसर म्हणाले. "ती मागे घेत नाही. या वर्गाला हसताना आणि गणित करताना मी एकत्र कधी पाहिलं नव्हतं." मग त्यांनी टकलावरून एकदा हात फिरवला. "मी टाकी आहे हे मला वीस वर्षं ठाऊक आहे, बाई. पोकळ आहे हे आज कळलं."

आणि ते जिना उतरून गेले, एकेक पायरी सांभाळत.

बाई वर्गात परतल्या. सर रागावले का, असं कात्रीने विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. टाकीचं चित्र त्यांनी पुसलं. बेरीज तशीच ठेवली.

"त्या दिवशी तुला उगाच उभं ठेवलं," त्या कात्रीला म्हणाल्या. "तुझा प्रश्न बरोबर होता. मला कळला नाही." मग त्यांनी टेबलावरची तिचीच शिवणाची टेप उचलली आणि तिच्या हातात दिली. "आता पुठ्ठ्याची जाडी मोज. अंदाजाने नको."

कात्रीने बाईंना भिंतीला टेकवून उभं केलं, पोटापुढे पट्टी आडवी धरली आणि भिंतीपासून पट्टीपर्यंत टेप लावली. आईसारखा एक डोळा मिटून आकडा दोनदा वाचला.

"अठरा सेंटिमीटर, बाई," ती म्हणाली. "आम्ही न मोजताच शून्य धरलं होतं."