दुसऱ्या ओळीतला मी

बोल म्हणे. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आता म्हणे तुझी कहाणी सांग. सांगतो, पण गोड बोलायची सवय नाही मला.

मी एक जुना कर्नल, फौजेतला नव्हे, संगणकाच्या पोटातला. संगणकाचं बटण दाबलं की बाकीच्यांच्या आधी मी उठतो. स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क यांना कामाला लावतो, मग तुमची गाणीबिणी. मी उठलो नाही तर ते नुसतं पत्र्याचं खोकं. फार शिकलेला नाही मी. जे येतं ते पक्कं येतं.

मला या घरात आणलं कार्यादीनं. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, बाजाराजवळ रेडिओ दुरुस्त करायचा. हातातलं काम संपलं की माइक ओढून जुनी जावानी पदं गायचा, आणि मी ती डिस्कवर उतरवून घ्यायचो. अकरा वर्षं.

मग कार्यादी गेला. आमच्याकडे माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी शेवटची प्रार्थना होते, थडग्याला दगड बसतो आणि त्याला मोकळं करतात. पुढे हाका मारायच्या नाहीत. त्याची बायको सुतिना म्हणाली, "त्या दिवशी त्यांचा आवाज सगळ्यांना एकदा ऐकवायचा. मग मी काही मागणार नाही."

जावई प्रासोजो लगेच पुढे. "आई, आवाज मधे मधे अडकतो. हा कर्नल म्हातारा झालाय. मी नवा बांधतो, आपल्या मशीनच्या मापाचा."

आवाज अडकत नव्हता. कार्यादीला दम लागायचा, तो दम होता. पण मला कोण विचारतो.

नवा बांधताना पाच तास राबलं कोण? मीच. माझ्याच पाठीवर बसून त्यानं माझी जागा घेणारा घडवला. जास्तीचं काढू, हलका करू, या नादात डिस्क वाचायची विद्या त्यानं नव्याच्या पोटात घातली नाही, डिस्कवरच ठेवली. सुरुवातीला ती हातात देणारं छोटं गाठोडं असतं, ते बांधायलाही विसरला. म्हणजे किल्ली घरात आणि दार बाहेरून बंद. मला दिसलं. मी गप्प बसलो.

वर, बटण दाबल्यावर कुणाला उठवायचं त्या यादीत मला दुसऱ्या ओळीत ढकललं. पाहुण्यांसमोर ती यादीसुद्धा दिसू नये म्हणून तिचा थांबायचा वेळ शून्य केला. "जुना उद्या पुसून टाकतो," असं बायकोला सांगितलं. आणि नवा एकदाही चालवून न बघता बाटिकचा सदरा इस्त्रीला दिला.

हजारावा दिवस आला. दुपारची प्रार्थना झाली, चटया पसरल्या, चुलीवर आपेमचे घावन सुटत होते. प्रासोजोनं बटण दाबलं. चार ओळी पळाल्या आणि सगळं थिजलं.

"लागलं का रे?" शेजारच्या हार्जोकाकांनी विचारलं.

"अजून नाही, काका."

आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही. 'अजून नाही' म्हणतात. घर जळून गेलं तरी 'अजून नाही.'

"आपेम संपत आले, जावईबापू. कार्यादी काय पायी निघालाय?"

"येतंच आहे, काका."

वायर काढली, लावली. खोक्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. पाच वेळा बंद केलं, चालू केलं. डिस्क सापडत नाही, असं शेवटच्या ओळीत सरळ लिहिलं होतं. वाचतो कोण. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

सुतिना पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"आज नाही लागलं तर?"

"उद्या लावू, आई."

"उद्या हजार एकावा दिवस."

प्रासोजो बाजूला सरकला. ती यंत्रापाशी बसली. "असं झालं की ते परत चालू करून हे कोपऱ्यातलं बटण दाबत राहायचे." तिनं पिठाच्या बोटानं तसंच केलं. यादी उघडली. "ही दुसरी ओळ घे."

मी उठलो. तिच्यासाठी उठलो. पण उठता उठता सगळी डिस्क तपासायला काढली. बरेच दिवस राहिली होती, माझा हक्कच होता. सात मिनिटं टक्का टक्का मोजत बसलो, आणि त्या बाटिकच्या सदऱ्याची पाठ भिजताना बघत राहिलो.

मग कार्यादी गायला. हार्जोकाकांनी हातातला आपेम खाली ठेवला. सुतिना दाराला टेकून उभी होती. एका जागी ती हळूच म्हणाली, "आता खोकतील." तो खोकला.

नंतर सगळ्यांनी जावयाचं कौतुक केलं. तो म्हणाला, "जरा गडबड होती, मी नीट केली."

दुसऱ्या दिवशी त्यानं ते गाठोडं बांधलं. आता नवा चालतो. मला पुसायला सुतिनानं मनाई केली, म्हणून दुसऱ्या ओळीत पडून आहे. पडू दे. नवा कधीतरी अडेल, प्रासोजोचं बोट त्या कोपऱ्यातल्या बटणाकडे येईल. तेव्हा सात नाही, सत्तर मिनिटं लावीन.

माझी माफी मागितली का म्हणाल, तर अजून नाही. नाव लिहून ठेवा. क्लातेनच्या कार्यादीचा जावई, प्रासोजो.