कंडक्टर चालू लागले

परदेशातून आलेली ती तरुण मंडळी गल्लीत शिरली, तेव्हा कात्री दारात बसून शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. सगळ्यांच्या अंगात एकसारखे नारिंगी टी-शर्ट, पाठीवर काहीतरी परोपकारी छापलेलं, आणि चेहऱ्यावर असा कनवाळू भाव की ज्याच्याकडे बघतील त्याला वाटावं, आपल्याला नक्की काहीतरी मोठं दुखणं झालंय. पुढे गावच्या चर्चचे पाळकसाहेब चालत होते, व्याह्यांना घर दाखवायला निघालेल्या मुलीच्या बापासारखे, हसत आणि घाम पुसत.

"आले उद्धार करायला," कात्री पुटपुटली आणि दातांनी दोरा तोडला.

कात्री हे नाव तिला शिवणकारखान्यात पडलं होतं. कापड बेतण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं हे एक कारण, आणि तिची जीभ हे दुसरं. आता कारखाना सुटला होता, जीभ तेवढी राहिली होती.

आठवडाभर ही पोरं गावात होती आणि आठवडाभर त्यांनी सेवेचा नुसता धडाका लावला होता. ज्यांच्या घरी नळ आहे अशा मुलांना त्यांनी गाणं म्हणत हात धुवायला शिकवलं. बाजारात त्यांनी मूकनाट्य केलं. काळे कपडे घातलेला एक जण सैतान झाला, पांढरे घातलेली एक मुलगी आत्मा झाली, दोघं खूप वेळ एकमेकांना ढकलत राहिली, आणि शेवटी मटणवाल्याने विचारलं की ही कुठल्या मोबाइल कंपनीची जाहिरात आहे. देवळाच्या (गावात चर्चला देऊळच म्हणत) आवारात त्यांनी भेटीच्या पिशव्या वाटल्या. कात्रीच्या पिशवीत साबण, दात घासायचा ब्रश आणि एक फुगा निघाला. तिच्या डोक्यात पांढरे केस दिसायला लागले होते आणि हे तिला फुगा देत होते! ती तिथेच काहीतरी बोलणार होती, पण पाळकांनी डोळ्यांनी गयावया केली म्हणून गप्प बसली.

पाळकांचंही एक होतंच. शेजारच्या गावच्या पाळकांकडे अशी टीम लागोपाठ दोनदा येऊन गेली होती, आणि ते गृहस्थ तेव्हापासून सभेला सगळ्यांच्या पुढे बसायला लागले होते. आपल्याकडेही ही पोरं पुन्हा यावीत म्हणून पाळकसाहेब जिवाचं रान करत होते. दुभाषीही तेच आणि वाढपीही तेच.

आज ते टीमला कात्रीच्या घरी आणत होते, कारण तिच्या घरात एक आजारी माणूस होता. तिचा बाप.

बाप जन्मभर बसवर कंडक्टर होता आणि निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. दीड वर्षापूर्वी तो न्हाणीघरात पडला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिन्यांत चालायला लागतील. कंडक्टर काही चालायला लागले नाहीत. वॉकर कोपऱ्यात धूळ खात पडला, व्यायाम शिकवणारी बाई कंटाळून यायची थांबली. "आयुष्यभर उभा राहिलो, आता बसतो," असं ते आल्यागेल्याला सांगत आणि लोक हसत. हसायला लोकांचं काय जातंय? उठवणं, बसवणं, न्हाणीघरात नेणं, आणणं सगळं कात्रीवर होतं. तिने कारखाना सोडला आणि घरी बसून काज-बटणांचं काम घेतलं. जिने कोटाचं कापड बेतायचं, ती आता पोरांच्या शर्टांना भोकं पाडत होती. उशाशी ठेवलेल्या पेल्यावर कंडक्टर चमचा वाजवत. एकदा वाजवला की यायचं, दोनदा वाजवला की जायचं. धाकटा भाऊ लांबच्या शहरात होता. तो फोन करून म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे गं ताई," आणि निश्चिंत होऊन फोन ठेवायचा.

आणि आता कारखान्याच्या मालकीणबाई दुसऱ्या गावात नवा कारखाना काढत होत्या. कापडाचं बेतणं सगळं कात्रीच्या हाताखाली, राहायला वरच्या मजल्यावर खोली. "रविवारपर्यंत सांग," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर मला दुसरी बघावी लागेल." कात्रीने भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, संधी चांगली आहे गं, पण बाबांचं काय? पण बाबांचं काय, हे तिलाही विचारता येत होतं. आज शनिवार होता. नाही म्हणायचं, हे तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं, आणि म्हणून सकाळपासून ती प्रत्येक काजावर दात खात होती.

"येऊ का आत?" पाळक म्हणाले आणि आत शिरता शिरता अडखळले. दाराच्या आत एक फरशी गेल्या महिन्यात उखडून वर आली होती आणि गवंडी आज येतो, उद्या येतो करत होता. पाळकांच्या मागे टीमचा म्होरक्या अडखळला, त्याच्या मागे गिटारवाला, त्याच्या मागे कॅमेरावाली. प्रत्येकाने अडखळून झाल्यावर कात्रीकडे बघून क्षमाशील स्मित केलं. जणू फरशी तिने त्यांच्यासाठीच उखडून ठेवली होती.

म्होरक्या विशी-बाविशीचा, नुकती दाढी फुटलेला. तिकडून निघताना त्याने आपल्या चर्चच्या लोकांना सांगितलं होतं म्हणे, की देव आम्हाला तिथे चिन्ह दाखवील. आतापर्यंत पोट बिघडण्यापलीकडे काही झालं नव्हतं आणि परतीचा दिवस उद्यावर आला होता. त्याने खाटेवर पडलेला वयस्क माणूस पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. कॅमेरावालीने कॅमेरा काढला. कंडक्टरांनी केसांवरून हात फिरवला.

पोरांनी खाटेभोवती कडं केलं. कोणी गुडघ्यावर हात ठेवला, कोणी पावलावर, एकीने नको त्या पायावर ठेवला, कारण मोडला होता डावा आणि ती धरून बसली उजवा. गिटार सुरू झाली. म्होरक्या हळू आवाजात सुरू होऊन बघता बघता ओरडायला लागला. पाळक भाषांतर करत होते, पण त्या वेगापुढे बिचाऱ्यांच्या नाकी नऊ आले, आणि शेवटी त्यांनी सगळ्याचं सार काढलं.

"ऊठ म्हणतायत," पाळक म्हणाले.

"आत्ता?" कंडक्टरांनी विचारलं.

"आत्ताच म्हणतायत."

कात्री भिंतीला टेकून बघत होती. किती वेळात हे आटोपेल आणि फरशीवरचे बुटांचे ठसे पुसायला कधी मिळेल, एवढाच तिचा विचार चालला होता. एक मुलगी त्या चांगल्या पायावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. खिडकीत शेजारणी जमल्या होत्या. कंडक्टरांनी त्या मुलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दीड वर्षात त्यांच्याकडे एकदम इतक्या लोकांनी टक लावून बघितलं नव्हतं. भरलेली बस बघितल्यावर कंडक्टराला जे होत असेल, ते त्यांना झालं.

ते उठले. पाय खाली सोडले, उभे राहिले, लेंगा सावरला आणि चालायला लागले. पोरं किंचाळली. गिटारवाल्याच्या हातून गिटार पडली. कंडक्टर खोली ओलांडून गेले, दारातली उखडलेली फरशी एक पाऊल जरा लांब टाकून ओलांडली, पायरी उतरले आणि गल्लीत जाऊन दोन्ही हात वर केले. गल्लीने तोंडात बोटं घातली. म्होरक्या जमिनीवर पडून रडत होता. पाळकांनाही हुंदका आवरेना, आणि ते मात्र खरंच रडत होते.

कात्री तेवढी जागची हलली नाही. ती फरशीकडे बघत होती.

कंडक्टरांनी खाली पाहिलंच नव्हतं. पाळक अडखळले, पोरं अडखळली, ती स्वतः अजून दिवसातून एकदा ठेचकाळत होती. फरशी उखडली गेल्या महिन्यात. तेव्हा बाप खाटेवर होता. जो माणूस खाट आणि न्हाणीघर सोडून कुठे गेलाच नाही, त्याचं पाऊल तिथे नेमकं लांब कसं पडलं?

मग तिला एकेक आठवायला लागलं. कपाटावरचा बिस्किटांचा डबा, जो उंदरांनी झाकण उघडून खाल्ला आणि परत झाकण लावलं. बंद करून गेलेली खिडकी, जी परत आल्यावर उघडी असायची. खोलीच्या पलीकडच्या टोकाला असलेला रेडिओ, जो आपोआप स्टेशन बदलायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गल्ली आपापल्या घरी गेली तेव्हा दिवेलागण झाली होती. कंडक्टर परत खाटेवर आले होते, पांघरूण गळ्यापर्यंत.

"अगं, चहा टाक."

"उठा आणि टाका."

"आज फार झालं. मांड्या भरून आल्यात. असे चमत्कार काय रोज रोज होतात? उद्यापासून आपलं नेहमीसारखं."

"फरशी कधी बघितलीत?"

"कुठली फरशी?"

"उखडलेली. सगळी दुनिया तिला ठेचकाळते. तुम्ही न बघता ओलांडलीत."

नुसत्या चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखणारा हा माणूस, पण आपण पकडले गेलो की काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आधी खरंच जमत नव्हतं," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. मग एकदा तू बाजारात गेलीस तेव्हा उठून बघितलं. जमलं. म्हटलं, ही आली की सांगू. तू आलीस, पिशवी खाली ठेवली आणि हातही न धुता आधी माझी उशी सारखी केलीस." ते छताकडे बघत होते. "म्हटलं, उद्या सांगू. सांगितलं असतं तर तू कामावर गेली असतीस. मग दिवसभर मी काय भिंतींशी बोलायचं?"

"मी तुम्हाला रोज उचलत होते, बाबा! माझी कंबर गेली. तुम्ही अंग सोडून द्यायचात. सगळं वजन माझ्यावर टाकायचात."

"नाहीतर तुला कळलं असतं ना," कंडक्टर म्हणाले.

तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. "उद्या देवळात सगळ्यांसमोर सांगते."

"सांग की. पाळकांची शोभा होईल. ती पोरं लहान आहेत, त्यांचं मन मोडेल. बघ बाई तुला पटत असेल तर." आणि एवढं बोलून, पांघरुणातून एक हात बाहेर काढून, त्यांनी पेल्यावर चमचा वाजवला.

कात्रीने चहा केला. चहा उकळेपर्यंत ती स्टोपाशी उभी राहून विचार करत होती. सगळ्यात जास्त राग तिला याचा येत होता, की एवढ्या दिवसांत डॉक्टरांना जमलं नाही, व्यायामाच्या बाईला जमलं नाही, तिला स्वतःला जमलं नाही, ते या बावळटांनी करून दाखवलं. तिने चहा नेऊन दिला. "नाही सांगत," ती म्हणाली. कंडक्टरांनी समाधानाने बिस्किट बुडवलं.

रविवारी देऊळ तुडुंब भरलं होतं. कंडक्टरांना चालतच जावं लागलं, कारण दोन्ही बाजूंना गल्ली उभी होती. टीमने गाणी म्हटली. म्होरक्याने साक्ष दिली, आणि कालपासून त्याच्या तोंडी चमत्कार बराच वाढला होता. आता त्यात जन्मापासूनचा पांगळेपणा आला होता. मग पाळकांनी विचारलं, कुटुंबातून कोणाला साक्ष द्यायची आहे का?

कात्री उठली. पाळकांचा चेहरा पडला. तिची जीभ त्यांना माहीत होती.

"माझे बाबा चालू शकतात," कात्री म्हणाली. "हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याबद्दल माझ्या मनात आता काडीची शंका नाही. त्यांना उठवायला नको, बसवायला नको. ते चहा करू शकतात, नळावर जाऊ शकतात, बाजार करू शकतात. मला दुसऱ्या गावी मोठं काम मिळतंय. बाबांमुळे मी नाही म्हणणार होते. आता कशाला म्हणू? मी उद्या सकाळच्या बसने जाते. पाळकसाहेब, सांगा त्यांना."

पाळकांनी सांगितलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, एकमेकांच्या गळ्यात पडली. म्होरक्या धावत कंडक्टरांकडे गेला आणि त्यांचे दोन्ही हात धरून काहीतरी विचारायला लागला. कॅमेरा जवळ आला.

"ते विचारतायत," पाळक म्हणाले, "मुलीला आनंदाने जाऊ देताय ना? आणि पुढच्या वर्षी ते परत येणार आहेत, खास तुम्हाला चालताना बघायला."

कंडक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं देऊळ त्यांच्याकडे बघत होतं. काल हेच त्यांना किती गोड लागलं होतं! एका वाक्यात ते परत आजारी होऊ शकत होते, पण मग काल ते काय होते?

"हालेलुया," ते म्हणाले, आणि ते कोणालाच नीट ऐकू गेलं नाही.

सोमवारी सकाळी ते तिला थांब्यापर्यंत पोचवायला आले. आले म्हणजे, यावं लागलं. तिची ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली होती, आणि ट्रंकेत बिडाचं शिवणयंत्र होतं. वाटेत लोक थांबून हात जोडत होते. कात्री मागून चालत त्यांच्या पावलांकडे बघत होती. तिला भीती होती की शेवटच्या क्षणी दया येईल. पण ती जड ट्रंक त्यांनी एका झटक्यात बसच्या टपावर चढवली, कण्हले नाहीत की थांबले नाहीत, आणि दया यायची ती कुठल्या कुठे गेली.

"रविवारी येशील?" त्यांनी खिडकीपाशी येऊन विचारलं.

"बघते."

"जेवणाचं काय करू?"

"तांदूळ डब्यात आहेत. डबा कपाटावर आहे, बिस्किटांच्या डब्याशेजारी. तुम्हाला माहीतच आहे."

बस सुरू झाली. थांब्यावरचा बाक रिकामा होता, आणि रात्रभर झोप न झालेल्या त्या माणसाचे पाय आता खरोखरच थरथरत होते. त्यांनी एकदा बाकाकडे पाहिलं. पण समोर निम्मी गल्ली उभी होती, म्हणून ते बसले नाहीत.