सोबतीला भरलेला फॉर्म

रेश्मानं कोकोपीटच्या ओल्या भुश्शानं माखलेले हात ओढणीला पुसले आणि सुयोगचा अर्ज क्रमांक मोबाईलवर पुन्हा टाकला. सकाळपासून निकालाचं पान उघडत नव्हतं. या खेपेला उघडलं.

"अहो, आला."

मिरचीच्या रोपांना पाणी देणाऱ्या सुयोगनं हातातला पाइप खाली टाकला. शेडनेटमध्ये ट्रेच्या खान्यांत बी टोकणाऱ्या बायकांचे हात थांबले. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या त्याच्या आईनं, धोंडाबाईंनी, मान वर केली.

"किती?" सुयोगनं विचारलं.

रेश्मानं नवऱ्यापुढं नुसता मोबाईल धरला. पर्सेंटाईल ७१.०८. आकडा वाचून त्यानं ओठ घट्ट मिटले.

"आता तुझा बघ," तो म्हणाला.

इंदापूरजवळची ही रोपांची नर्सरी दोघं नवराबायको चालवत होते. एमबीएच्या सीईटीचं खूळ सुयोगचं. दिवाळीत धोंडाबाईंनीही होकार दिला होता. घरातल्या एकानं दोन वर्षं पुण्यात शिकून यावं, धंदा वाढवावा; दुसऱ्यानं तोवर नर्सरी बघावी. जाणारा कोण, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. तशी गरजच वाटली नव्हती.

शनिवार-रविवार तो बारामतीला क्लासला जायचा. घरी सरावाचे पेपर सोडवायचा तेव्हा रेश्मा शेजारी घड्याळ घेऊन बसायची, मग उत्तरं तपासायची. लग्नाआधी ती गणित घेऊन बीएस्सी झाली होती. तपासता तपासता तीही वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलनं गणितं सोडवू लागली. जानेवारीत फॉर्म भरताना सुयोग म्हणाला, "तूबी भर. मला सोबत हुईल." तिनं भरला.

एप्रिलमध्ये बारामतीच्या केंद्रावर दोघं एकाच मोटरसायकलवरून गेले. अडीच तास, दोनशे प्रश्न. आजूबाजूला सगळी एकवीस-बावीस वर्षांची पोरं. रेश्मा एकोणतीस वर्षांची. पहिली दहा मिनिटं ती एकेक प्रश्न तीन-तीनदा वाचत होती. मग एक कोडं आलं. गोल टेबलाभोवती आठ माणसं, कोण कुणाच्या शेजारी? ती एकेकाला मनात बसवत गेली आणि भीती कधी उतरली ते तिला कळलंच नाही. बाहेर आल्यावर तिला सडकून भूक लागली होती.

"कसा गेला?" सुयोगनं विचारलं.

"मजा आली," ती म्हणून गेली आणि मग उगाच ओशाळली.

आता तिनं स्वतःचा क्रमांक टाकला. पान उघडलं. आकडा वाचला, वर जाऊन नाव तपासलं, पुन्हा आकडा वाचला. सुयोगनं मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चौसष्ट!"

"म्हंजी किती मार्क पडलं?" कामावरच्या बायकांत थोरल्या असलेल्या मुक्ताबाईनं विचारलं.

"मार्क न्हायत, मावशी. शंभर जण पळालं तर अठ्ठ्याण्णव हिच्या मागं."

"आपल्या तालुक्यात?"

"अख्ख्या राज्यात."

मुक्ताबाईनं रेश्मावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. बायका एकदम बोलायला लागल्या; कुणीतरी रिकामा ट्रे बडवला. रेश्माला हसू आवरेना. लग्नाला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून तिला कुणी मार्क विचारले नव्हते.

मग तिचं लक्ष धोंडाबाईंकडं गेलं. त्या सुनेकडं नाही, मुलाकडं बघत होत्या.

"आत्या, मी काय जात न्हाय," ती घाईनं म्हणाली. "मी आपली सोबतीला बसले हुते. ह्यांना मिळंल कुठंतरी. आन माझं दाखलं कुठं काढल्यात? प्रवेश तर तोंडावर आल्यात."

सुयोग वळला आणि तडक घराकडं निघून गेला.

"गेला का रागं?" धोंडाबाई पुटपुटल्या.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकची फाईल होती. ती त्यानं रेश्माला दिली. आत तिच्या बीएस्सीच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स होत्या, तिचे फोटो होते आणि तिच्या नावाचं डोमिसाईल, म्हणजे रहिवासाचा दाखला, होता. त्यावर तारीख होती बारा फेब्रुवारी. परीक्षेच्या दोन महिने आधीची.

"आन तुमचं?"

"माझं काढलंच न्हाय. वहीच्या मागच्या पानांवरची तुझी गणितं बघितली हुती मी, समदी बरोबर."

"मग परीक्षेला कशाला बसलात?"

"तू एकटी गेली असतीस व्हय?"

त्याचे डोळे किंचित लाल होते, पण त्यानं नजर चुकवली नाही. धोंडाबाईंनी हात पुढं करून फाईल मागितली. त्यांना वाचता येत नव्हतं. डोमिसाईलवरच्या शिक्क्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"ह्यो खरा हाय न्हवं?"

"खरा हाय, आई."

"मग घरात ठिवा की. हितं पाणी उडतंय."

रेश्मा फाईल छातीशी धरून घराकडं निघाली. सुयोग ट्रेसमोर तिच्या जागेवर मांडी घालून बसला आणि बियांच्या पुडीत बोटं घातली. मुक्ताबाई थोडा वेळ त्याचा हात बघत राहिली.

"दादा, एका खान्यात दोन-दोन पडत्यात."

"मग दाव की कसं ते," तो म्हणाला आणि तिला जागा करून देत बाजूला सरकला.