थोरला, धाकटा आणि पुलावरची बाई

"पुलावर कोण उभं आहे गं, अक्का?" माझ्या भावानं विचारलं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. दगडी पूल, खाली काळं पाणी, पलीकडे बंद दारांची घरं. पुलावर चिटपाखरू नव्हतं.

"कुणी नाही."

"नीट बघ. डाव्या कठड्याशी. पाठमोरी आहे, खांद्याला पिशवी."

"अरे, नाही म्हटलं ना."

"मग कार्ड खराब," तो म्हणाला आणि त्यानं हात झटकले.

ते गाव खरं नव्हतं. एका खेळाबरोबर आलेलं ते चाचणीचं चित्र होतं. सुरू केलं की नजर आपोआप पुढं सरकते. आधी पूल, मग गल्ली, मग गच्च बाजार, शेवटी टेकडीवरचा मोकळा रस्ता. सगळं मिळून तीन मिनिटं दहा सेकंद. जुनी ग्राफिक्स कार्डं जोखायला आम्ही अकरा वर्षं हेच चित्र चालवत होतो. कॉम्प्युटरच्या पोटात जे कार्ड खेळातलं चित्र काढतं, ते दुरुस्त करणं आणि विकणं हा माझ्या भावाचा धंदा. मी टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले, नवरा आधीच गेला होता, म्हणून भावाकडे राहायला आले. त्याचं लग्नाचं राहूनच गेलं होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागं आमचा संसार. तो कार्ड बसवायचा आणि मी वहीत लिहायची. सेकंदाला किती चित्रं, सगळ्यांत कमी किती, कार्ड तापलं किती.

त्या गावातली एकूण एक खिडकी मला पाठ होती. बाजारात टोपल्या होत्या, दोरीवर कपडे वाळत होते, पण माणूस एकही नव्हता. बनवणाऱ्यांना माणसं घालायला वेळ मिळाला नसावा, असं मी समजून चालले होते.

भावाला सगळे मापाडी म्हणत. मोजल्याशिवाय तो कशालाच चांगलं किंवा वाईट म्हणत नसे. पण मोजण्याआधी तो बघायचा. "आधी डोळा, मग आकडा," हा त्याचा नियम. स्क्रीनच्या कोपऱ्यातली आकड्यांची चौकट तो पहिल्या फेरीत झाकून ठेवायचा, नुसत्या नजरेनं निकाल द्यायचा आणि मग चौकट उघडायचा. अकरा वर्षांत त्याचा निकाल चुकलेला मी दोनदाच पाहिला.

नजर त्याची लहानपणापासूनच तशी. आईच्या हातून सुई पडली की ती दिवा मोठा करायची नाही, ह्याला हाक मारायची. पाच वर्षांचं पोर दारातूनच बोट दाखवायचं, "ती बघ, खाटेच्या पायाशी." पुढं कार्डावरची केसाएवढी चीर तो भिंगाशिवाय पकडायचा. लोक लांबून यायचे, हातात कार्ड गुंडाळून, आजारी मूल आणावं तसं.

त्या वर्षी मात्र मी बघत होते, तो स्क्रू बोटांनी चाचपून लावतो. चहा कपाच्या शेजारी ओततो. वर्तमानपत्र उलटं धरत नव्हता एवढंच. मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. दोघंही झाकली मूठ धरून बसलो होतो. दुकान त्याच्या डोळ्यांवर चालायचं. डोळे गेले हे एकदा बाहेर पडलं की मापाडी कोण आणि कसला.

आणि मग ही बाई आली.

तीन आठवड्यांपूर्वी ती त्याला पुलाच्या टोकाला दिसली. नंतर मधोमध. ती कधी चालताना दिसत नसे, पण दर खेपेला थोडी पुढं असायची. मला वाटलं, काचेत माझीच सावली पडत असेल. मी खुर्ची दुसऱ्या बाजूला नेली. तो म्हणाला, "खुर्ची कशाला सरकवतेस? ती तिथंच आहे." एकदा तो बाहेर गेला असताना मी ते चित्र पावलापावलाला थांबवून पाहिलं. कठडा, पाणी, कठड्याची पाण्यातली सावली. कुणी नव्हतं. तरी बंद करताना माझा हात घाईनं चालला. एखाद्या जागी कुणी उभं आहे असं एकदा ऐकलं, की ती जागा पुन्हा पूर्वीसारखी रिकामी होत नाही.

त्याचं म्हणणं एकच होतं. बाई फक्त थोरल्यात दिसते.

थोरला आणि धाकटा ही नावं त्यानंच ठेवलेली. दुकानात तेव्हा विकण्याजोगी दोनच कार्डं उरली होती, एकाच कंपनीची. थोरला नऊ वर्षांचा, आपल्या काळातला पहिलवान. तीन पंखे, वजन विटेएवढं, वीज पिणारा, पण आठ जीबी मेमरीचा. धाकटा त्याच्यानंतर तीन वर्षांनी आलेला, सडपातळ, थंड डोक्याचा, चपळ. मेमरी मात्र निम्मी, चारच जीबी.

त्यातलं एक घ्यायला एक बस ड्रायव्हर आला, दुपारी, डबा खाऊन. खाकी सदरा, हाताला स्टीअरिंगचे घट्टे. आत येताना त्यानं चपला अशा काढल्या की जणू डॉक्टरकडे आलाय.

"दादा, माझं कार्ड मेलं. जुनंच चालेल, पण पैशाला जागणारं द्या."

"खेळता काय?"

"ट्रक चालवतो."

भाऊ हसला. "दिवसभर बस हाकून घरी पुन्हा ट्रक? पोट भरत नाही का?"

"मुलगी असते ना सोबत," ड्रायव्हर म्हणाला. "ती लांब नोकरीला. फोनवर तिला बोलायला सुचत नाही, मला तर त्याहून नाही. पण रविवारी दोघं आपापल्या घरून एकाच रस्त्याला ट्रक काढतो. ती पुढं, मी मागं. मग दोन-दोन तास बोलते. एरवी जे सांगणार नाही तेही सांगते. आमचं घोडं अडतं शहरात. शहर आलं की माझं चित्र गोठतं. सुटतं तेव्हा ती पुढं निघून गेलेली. 'बाबा, कुठं राहिलात?' म्हणते." त्यानं हाताचे घट्टे चोळले. "परवा तर म्हणाली, राहू द्या आता. हे बंद पडायला नकोय मला."

"बसा," भाऊ म्हणाला. "दोन्ही दाखवतो."

त्यानं थोरला मशीनमध्ये बसवला. मागं हात घालून चाचपत स्क्रीनची वायर लावली. मी वही उघडली. पंख्यांनी घरघर सुरू केली आणि गाव उजळलं.

चित्र उचक्या दिल्यासारखं चाललं होतं. पूल तुकड्यातुकड्यानं पुढं येत होता. मी भावाकडे पाहिलं. तो मान किंचित कलती करून, शांतपणे समोर बघत होता.

"चाल बघा," तो म्हणाला. "लोण्यासारखी. पण हे घेऊ नका. ह्यात दोष आहे."

"कसला?"

"पुलावर बाई दिसते. कार्डाची मेमरी बिघडली की नसलेलं दिसायला लागतं."

ड्रायव्हरनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वहीत बघितलं.

मग धाकटा बसला. पुन्हा मागं चाचपणं, पुन्हा तेच गाव. उचक्याही त्याच.

"हा बघा. स्वच्छ. बाई नाही, काही नाही. बाजारातसुद्धा पाण्यासारखा वाहतो. हाच न्या, डोळे मिटून."

"दादा, राग मानू नका," ड्रायव्हर म्हणाला, "मी अडाणी माणूस. पण मला दोन्ही सारखेच वाटले. तुम्ही लोणी म्हणालात, मला तर खड्ड्यांतून बस चालल्यासारखी वाटली."

"डोळे तपासून घ्या ड्रायव्हरसाहेब. तुमच्या गाडीत पन्नास माणसं बसतात."

असं तो बोलला मात्र, मी उठले आणि मशीनच्या मागं वाकून पाहिलं.

मशीनला स्क्रीनची वायर लावायच्या दोन जागा असतात. वरची मदरबोर्डची, खालची कार्डाची. आमच्या मशीनवर दोन्हींतून चित्र येतं, पण वर लावली तर मशीन आपलंच कसंबसं चित्र काढतं, कार्डाचा त्याच्याशी संबंधच उरत नाही. नवशिके हमखास चुकतात. भावानं आजवर शंभर जणांना हसून विचारलं असेल, "वायर वर लावलीत? मग कार्ड काय देखाव्याला बसवलंय?"

वायर वर होती.

गुपचूप खाली लावावी आणि नुसतं म्हणावं, पुन्हा एकदा बघू या. मी तेच करायला गेले. पण वायर निघताना बारीक कट् असा आवाज झाला, आणि कान त्याचे शाबूत होते.

"अक्का, काय केलंस?"

वायर माझ्या हातातच होती.

"वर होती?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

तो खुर्चीत मागं टेकला. त्याचे ओठ हलत होते. मोजताना हलत तसे.

"म्हणजे चित्र थोरल्यातून आलंच नाही," तो सावकाश म्हणाला. "धाकट्यातूनही नाही. कुठलं बसवलंय ते मी पंख्यांवरून ओळखत होतो." मग त्यानं एक बोट दुमडलं. "थोरल्यातून चित्र आलं नाही, तर बाई थोरल्यातली नाही."

बाहेरून एक सायकल गेली.

"दोन मालांत निकाल लागेना, तर तिसरी गोष्ट तपासायची," तो म्हणाला. हे तो नेहमी दुसऱ्यांना शिकवायचा. "तिसरी गोष्ट मी."

मला त्याला थांबवायचं होतं. ड्रायव्हर परका माणूस, रोज शेकडो लोकांत वावरणारा. उद्या गावभर होईल. पण भाऊ त्याच्याकडे वळला. नेमका त्याच्याकडे नाही, थोडा डावीकडे.

"ड्रायव्हरसाहेब, मी आत्ता सांगितलं त्यावर जाऊ नका. मला दिसत नाही. कडेकडेनं थोडं दिसतं, मधलं गेलं. चार महिने झाले. तुम्ही धाकटा नेला असतात, आणि पोरगी पुन्हा पुढं निघून गेली असती. आता अक्का बघेल, मी ऐकेन. तुम्हाला पटलं तर थांबा."

ड्रायव्हरनं घसा साफ केला. "थांबतो की. आजची ड्यूटी संपलीय."

मग आम्ही पुन्हा बसलो. वायर मी लावली. आधी धाकटा. गाव एकदम सुळसुळीत झालं, इतकं की मला गरगरलं. मी बोलत गेले, एक्सचेंजमध्ये जोडणी सांगायची तशी. "पूल, छान. गल्ली, छान. बाजार... अडखळला. पुन्हा. पूर्ण थांबला. सुटला."

"मेमरी भरली. बाजार चार जीबीत मावत नाही," भाऊ म्हणाला. "आकडा?"

"सरासरी एकसष्ट. सगळ्यांत कमी नऊ."

मग थोरला. पुलावर तो धाकट्याएवढा चपळ नव्हता. पण बाजारात शिरला आणि तसाच चालत राहिला, ओझं घेतलेल्या म्हाताऱ्या हमालासारखा, एका चालीनं.

"सरासरी त्रेपन्न. सगळ्यांत कमी बेचाळीस."

"सरासरीवर जाऊ नका," भाऊ ड्रायव्हरला म्हणाला. "सरासरी गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो. कमीत कमी बघा. मोकळ्या रस्त्यावर धाकटा पुढं, पण तुमचं अडतं शहरात. थोरला न्या. वीज खाईल, घोरेल, तापेल. घरच्या मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय दमदार आहे का तेवढं बघा. पण वाटेत सोडणार नाही."

मग आवाज खाली आणून त्यानं मला विचारलं, "आता पुलावर कुणी होतं?"

"नाही."

"बरं."

ड्रायव्हरनं थोरला दोन्ही हातांनी उचलला. दारात चपला घालताना तो अडखळत म्हणाला, "दादा, आमच्या डेपोतल्या पोरांना पाठवू ना इकडं? मी सांगेन त्यांना, बघतात अक्का, पण निकाल दादा देतात."

"पाठवा," भाऊ म्हणाला. तेवढ्यानं त्याचा खांदा जरा सैल झाला.

तो गेल्यावर मी मशीन बंद केलं, स्क्रीनही. काच काळी झाली. तीत खिडकीचा चौकोन आणि आम्ही दोघं.

"डॉक्टरकडे गेलो होतो," तो म्हणाला. "तुला न सांगता. म्हणाले, नजर जाते तिथं मेंदू रिकामी जागा भरून काढतो. घाबरायचं नाही."

"मग नको घाबरूस."

"घाबरत नाही. पण रिकामी जागा रोज एकाच बाईनं का भरावी?"

आईसारखी दिसते का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

"स्क्रीन बंद केलीस ना?"

"केली."

"बंद झाली नाही." तो समोर बघत होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. सुई शोधताना असायची तसली एकाग्रता होती. "पूल संपला, अक्का. गल्लीही संपली. ती थांबलीय."

"कुठं?"

"काचेच्या अलीकडं. आपल्या बाजूला. आज पहिल्यांदाच वळलीय."

"कोण आहे?"

"तोंडावर उजेड नाही."

मी माझी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी नेली. काळ्या काचेत आम्ही दोघंच दिसत होतो. मी दोनदा मोजलं. मग तो, वडीलधारं कुणी दारात आल्यावर आपण उठतो तसा अर्धवट उठला, आपली खुर्ची माझ्यापासून हातभर बाजूला सरकवली, आणि मध्ये जागा ठेवून पुन्हा बसला.